बोधगयेचे महाबोधी मंदिर : जीर्णोद्धाराची परंपरा आणि कालनिर्णयाचा प्रश्न

भारतातील ज्या प्राचीन वास्तूंविषयी विपुल लेखन झाले आणि तरीही ज्यांच्या काळाविषयी एकमत होऊ शकले नाही, अशा वास्तूंत बोधगयेच्या महाबोधी मंदिराची गणना करावी लागते. यात्रेकरूंच्या परंपरेत ते अशोकाचे मंदिर आहे. अलेक्झांडर कनिंगहॅम यांच्या मते ते इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील आहे. कलेतिहासाचे बहुतेक अभ्यासक ते पाचव्या-सहाव्या शतकांत, म्हणजे गुप्तकाळाच्या उत्तरार्धात ठेवतात. आतील कमानींवरून कोणी त्यातील महत्त्वाचा भाग तेराव्या शतकातील ब्रह्मी कारागिरांचा मानतात. आज डोळ्यांसमोर उभा असलेला गिलावा आणि चार कोपऱ्यांवरील शिखरे तर इ. स. १८८० ते १८८४ या काळातील आहेत. या मतभेदाचे कारण पुराव्यांचा अभाव हे नव्हे. पुरावे मुबलक आहेत. परंतु त्यांतील प्रत्येक पुरावा वेगळ्या वस्तूविषयी बोलतो. एक वृक्षाविषयी, दुसरा आसनाविषयी, तिसरा कठड्याविषयी, चौथा शिखराविषयी. हे सर्व पुरावे एकाच ‘मंदिरा’चे समजून एका तारखेत बसविण्याचा प्रयत्न केला की वाद अटळ होतो.

प्रस्तुत निबंधात हे पुरावे कालक्रमाने मांडून प्रत्येकाचा विषय कोणता, हे निश्चित करण्याचा प्रयत्न आहे. त्यातून दोन गोष्टी स्पष्ट व्हाव्यात. पहिली ही की, बोधगयेस स्थिर राहिली ती जागा; वास्तू ही त्या जागेची वारंवार नवी केलेली खूण आहे. दुसरी ही की, एकोणिसाव्या शतकातील जीर्णोद्धार हा आधीच्या जीर्णोद्धारांहून प्रकृतीने भिन्न होता, आणि हा भेद ध्यानात न घेता मंदिराच्या आजच्या रूपावरून प्राचीन स्थापत्याविषयी अनुमाने काढणे धोक्याचे आहे.

१. वृक्ष, आसन आणि कठडा

गया शहराच्या दक्षिणेस सुमारे ११ किलोमीटरांवर, निरंजना नदीच्या पश्चिम तीरावर बोधगया वसले आहे. पाली वाङ्मयातील उरुवेला ती हीच. प्राचीन लेखांत या स्थानास ‘संबोधी’ किंवा ‘महाबोधी’ म्हटले आहे. ‘बोधगया’ हे नाव त्यामानाने पुष्कळ अर्वाचीन आहे. या स्थळाचा सर्वांत जुना विश्वसनीय उल्लेख अशोकाच्या आठव्या शिलालेखात येतो. राज्याभिषेकास दहा वर्षे झाली असता आपण संबोधीस गेलो आणि तेव्हापासून धर्मयात्रेची प्रथा सुरू झाली, असे तो त्यात सांगतो. ही घटना इ. स. पू. २६० च्या आसपासची होय. या लेखात यात्रेचा उल्लेख आहे, बांधकामाचा नाही. अशोकाने येथे मंदिर बांधले हे विधान नंतरच्या परंपरेचे आहे. ते त्याच्या स्वतःच्या लेखातून निघत नाही.

मौर्यकाळाशी निश्चितपणे जोडता येईल अशी वस्तू म्हणजे मंदिराच्या पश्चिमेस बोधिवृक्षाखाली असलेली वज्रासनाची शिला. सुमारे पावणेआठ फूट लांबीच्या या वालुकाश्माच्या शिलेवर मौर्यकालीन झिलई आहे. तिच्या कडांवर हंस व ताडपर्णाकृती वेलपत्ती कोरलेली आहे. हाच अलंकरणप्रकार अशोकस्तंभांच्या शीर्षांखालील पट्टांवर आढळतो. यावरून इ. स. पू. तिसऱ्या शतकात येथे आसनाची पूजा होत होती आणि तिला राजाश्रय होता, एवढे निःशंकपणे म्हणता येते.

त्या काळच्या पूजास्थानाचे स्वरूप कसे होते, याचे उत्तर बोधगयेत मिळत नाही. ते भारहूतच्या शिल्पात मिळते. इ. स. पू. दुसऱ्या शतकातील भारहूत स्तूपाच्या एका स्तंभावर हे स्थान कोरलेले असून, शाक्यमुनीच्या बोधिवृक्षाचे ते चित्र असल्याचे खाली ब्राह्मी अक्षरांत नमूद आहे. त्यात वृक्षाच्या बुंध्याभोवती खुल्या स्तंभांची दुमजली वास्तू असून वृक्षाच्या फांद्या तिच्यावर पसरल्या आहेत. समोर आसन आहे. बाजूस हत्तीचे शीर्ष असलेला स्वतंत्र स्तंभ आहे. बुद्धाची मूर्ती मात्र नाही आणि उंच शिखरही नाही. वृक्षाला छतात कोंडायचे नाही, तर त्याच्याभोवती प्रदक्षिणेची सोय करायची, हा या रचनेचा हेतू दिसतो. अशा वास्तूस ‘बोधिघर’ ही संज्ञा रूढ आहे.

यानंतरचा पुरावा दगडी कठड्याचा. त्याचे जुने, वालुकाश्माचे स्तंभ इ. स. पू. पहिल्या शतकाच्या सुमाराचे आहेत. त्यांवर गजलक्ष्मी, चार घोड्यांच्या रथातील सूर्य, जेतवनाच्या खरेदीचा प्रसंग इत्यादी शिल्पे आहेत. एकेकाळी हा ‘अशोकाचा कठडा’ म्हणून ओळखला जाई. परंतु स्तंभांवरील लेखांचे वाचन झाल्यावर ते मत सोडून द्यावे लागले. इंद्राग्निमित्राची पत्नी कुरंगी आणि राजा ब्रह्ममित्राची पत्नी नागदेवी यांची ही दाने आहेत. येथे सर्वप्रथम प्रत्यक्ष दात्यांची नावे आढळतात, आणि ती दोन राजस्त्रियांची आहेत, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. कठड्याचे उरलेले स्तंभ ग्रॅनाइटचे असून त्यांवरील कोरीवकामाची शैली गुप्तकालीन आहे. म्हणजेच मूळ कठडा लहान क्षेत्राभोवती होता. पुढे आतील वास्तू वाढली, तेव्हा जुने स्तंभ न टाकता त्यांत नव्यांची भर घालून वेढा मोठा करण्यात आला. जुने राखून त्यात भर घालण्याची जी पद्धत पुढे वारंवार दिसते, तिचा हा पहिला दाखला होय.

मंदिराच्या उत्तरेस असलेला ‘रत्नचंक्रम’ही याच काळाकडे निर्देश करतो. बोधीनंतर बुद्ध जेथे येरझाऱ्या घालीत होते त्या जागेची ही स्मृती. तेथे स्तंभांच्या घटाकार बैठका ओळीने मांडलेल्या असून त्यांवर ब्राह्मी वर्णमालेतील अक्षरे कोरलेली आहेत. कोणता स्तंभ कोठे बसवावा हे कारागिरांना कळावे म्हणून केलेल्या या खुणा होत.

२. शिखराचा उदय

इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या आरंभी आलेल्या फाहियानने येथे तीन संघाराम पाहिले व त्यांत भिक्षू राहत असल्याचे नोंदविले. परंतु आज दिसते तशा उत्तुंग मंदिराचे वर्णन त्याच्या वृत्तांतात नाही. केवळ मौनावरून निर्णय देणे योग्य नव्हे. तथापि इ. स. ६३७ च्या सुमारास आलेल्या ह्युएन त्संगचे वर्णन इतके तपशीलवार आहे की दोघांमधील अंतर नजरेआड करता येत नाही. बोधिवृक्षाच्या पूर्वेस सुमारे १६०-१७० चिनी फूट उंचीचा विहार आहे, त्याच्या पायाची बाजू वीसहून अधिक पावलांची आहे, तो निळसर विटांचा असून वर चुन्याचा गिलावा आहे, कोनाड्यांच्या रांगांत सोनेरी मूर्ती आहेत, माथ्यावर सोन्याचा मुलामा दिलेला आमलक आहे आणि पूर्वेस मजले असलेला मंडप जोडलेला आहे, असे तो लिहितो. कनिंगहॅम यांनी ही मापे प्रत्यक्ष वास्तूशी ताडून पाहिली. पायाची बाजू सुमारे ५० फूट आणि शिखराची उंची १६० फुटांहून अधिक, असा मेळ बसला. त्यामुळे ह्युएन त्संगने पाहिलेली वास्तू आणि आजच्या वास्तूचा गाभा ही एकच, हा त्यांचा निष्कर्ष सर्वसाधारणपणे मान्य झाला आहे.

वाद राहतो तो या वास्तूच्या आरंभाचा. आसनाजवळच्या निक्षेपात हुविष्काच्या सुवर्णनाण्याचा ठसा सापडला, त्यावरून कनिंगहॅम यांनी मंदिर दुसऱ्या शतकातील ठरविले. परंतु हा निक्षेप आसनाशी संबंधित आहे. आसनाचे नूतनीकरण कुषाणकाळात झाले, एवढेच त्यावरून सिद्ध होते. शिखरही तेव्हाच उभे राहिले असे सिद्ध होत नाही. गर्भगृहातील आसनाने हा भेद फार स्पष्टपणे दाखविला. बाहेरचे काळ्या दगडाचे आसन उकलले असता त्याच्या मागे गिलाव्याचे आणि त्याच्याही आत तासून गुळगुळीत केलेल्या वालुकाश्माचे आसन निघाले. एकाच जागी तीन काळांची तीन आसने, एकाच्या पोटात दुसरे, अशी होती. त्यांपैकी एकाच्या काळावरून भोवतालच्या भिंतींचा काळ ठरविता येत नाही.

पाटण्यानजीक कुम्हरार येथील उत्खननात डी. बी. स्पूनर यांना सापडलेल्या मृण्मय फलकाचाही येथे विचार करावा लागतो. त्यावर कठड्याने वेढलेले, उंच शिखराचे एक मंदिर आणि आत बसलेली मूर्ती असून सोबत खरोष्ठी लेख आहे. लिपीवरून हा फलक गुप्तपूर्व ठरतो. तो महाबोधीचेच चित्र असेल, तर शिखराचा काळ मागे न्यावा लागेल. परंतु फलकावर स्थळाचे नाव नाही. भारहूतच्या शिल्पाप्रमाणे तो स्वतःची ओळख सांगत नाही. उंच, सरळ कडांचे वीटमंदिर हा प्रकार गुप्तकाळापूर्वी ज्ञात होता, एवढाच निष्कर्ष या फलकावरून सुरक्षितपणे काढता येतो.

शैलीचा पुरावा बहुतेक अभ्यासकांना पाचव्या-सहाव्या शतकांकडे नेतो. उंच चौरस जोते, त्यावर मोकळी गच्ची आणि मध्यभागी निमुळते होत जाणारे शिखर अशी मंदिराची मांडणी आहे. नागर शैलीच्या शिखराप्रमाणे याच्या कडा आत वळत नाहीत. त्या सरळ रेषेत वर जातात. भित्तिस्तंभांनी विभागलेले कोनाडे एकावर एक रांगांनी रचलेले असून त्यांवर चैत्यगवाक्षांचे अलंकरण आहे. भितरगाव येथील गुप्तकालीन वीटमंदिराशी त्याचे नाते उघड आहे. तेथे खऱ्या, म्हणजे पाचरीच्या विटांनी बांधलेल्या कमानीही आढळतात. त्यामुळे बोधगयेतील कमानी केवळ कमानी आहेत म्हणून ब्रह्मी ठरविण्याची आवश्यकता राहत नाही. त्यांतील कोणत्या मूळच्या आणि कोणत्या नंतर आधारासाठी घातलेल्या, याचा निर्णय प्रत्येक कमानीपुरता वेगळा करावा लागतो.

३. दूरदेशीचे दाते

चौथ्या शतकापासून बोधगयेच्या इतिहासात परदेशी दात्यांचा वाटा वाढत गेलेला दिसतो. त्याचा आरंभ सिंहलद्वीपापासून झाला. चौथ्या शतकात सिंहलच्या मेघवर्ण राजाने आपल्या देशातील यात्रेकरूंना उतरण्यास जागा मिळत नाही म्हणून समुद्रगुप्ताकडे वकील पाठविले आणि त्याच्या संमतीने येथे विहार बांधविला, असे चिनी साधनांवरून कळते. ह्युएन त्संगने वर्णिलेला महाबोधी संघाराम तो हाच. गुप्त संवत २६९, म्हणजे इ. स. ५८८-८९ च्या शिलालेखात महानामन् या सिंहली स्थविराने बोधिमंडपाच्या ठिकाणी बुद्धाचे निवासस्थान उभारल्याची नोंद आहे. काहींनी हे निवासस्थान म्हणजेच आजचे मंदिर मानले. परंतु लेखातील शब्द नव्या स्वतंत्र देवालयाला तसेच जुन्याच्या नूतनीकरणालाही लागू पडतात.

सातव्या शतकाच्या आरंभी गौडराजा शशांकाने बोधिवृक्ष तोडला आणि मगधाच्या पूर्णवर्म्याने त्याचे पुनरुज्जीवन करून भोवती २४ चिनी फूट उंचीची भिंत बांधली, असे ह्युएन त्संग सांगतो. शशांकाविषयीचा हा वृत्तांत त्याच्या प्रतिस्पर्ध्याचा आश्रित असलेल्या यात्रेकरूकडून आलेला असल्याने त्यातील तपशील पारखून घ्यावा लागतो. परंतु वृक्षही वास्तूप्रमाणेच नष्ट होत व पुन्हा उभा राहत आला, हे त्यावरून दिसते.

पाल राजांच्या काळात बोधगया हे मूर्तिकलेचे मोठे केंद्र बनले. त्या काळच्या धार्मिक जीवनाविषयी एक लेख विशेष बोधप्रद आहे. धर्मपालाच्या सव्विसाव्या राज्यवर्षात केशव नावाच्या शिल्पकारपुत्राने महाबोधी येथे चतुर्मुख महादेवाची स्थापना केली आणि तीन सहस्र द्रम्म खर्चून पुष्करिणी खणविली. बौद्ध तीर्थाच्या आवारात, बौद्ध राजाच्या राज्यात, शिवाची स्थापना होते आणि लेखात तिचे समर्थन करण्याची गरज कोणास भासत नाही. नंतरच्या काळातील वाद प्राचीन काळावर लादताना या लेखाचे स्मरण ठेवावे.

चिनी यात्रेकरूंचे अकराव्या शतकातील लेख (त्यांत इ. स. १०२२ व १०३३ चे लेख आहेत) आणि पगानचा राजा क्यान्झित्था याने केलेल्या दुरुस्तीचे ब्रह्मदेशातील उल्लेख यांवरून दूरदेशीचा हा ओघ अखंड चालू होता असे दिसते. तेराव्या शतकाच्या आरंभी तुर्कांच्या आक्रमणांनी तो खंडित झाला. इ. स. १२३४ ते १२३६ या काळात मगधात असलेल्या तिबेटी भिक्षू धर्मस्वामीचा वृत्तांत या काळासाठी अमोल आहे. जॉर्ज रोरिक यांनी त्याचे केलेले भाषांतर पाटण्याच्या काशीप्रसाद जायसवाल संशोधन संस्थेने इ. स. १९५९ मध्ये प्रसिद्ध केले, त्यास डॉ. अनंत सदाशिव अळतेकर यांची विवेचक प्रस्तावना आहे. धर्मस्वामी पोहोचला तेव्हा महाबोधीत केवळ चार भिक्षू उरले होते. सैनिकांपासून रक्षण व्हावे म्हणून त्यांनी मूर्तीसमोरचे दार विटांनी बंद करून त्यावर गिलावा दिला होता आणि बाहेर महेश्वराचे चित्र काढले होते.

बोधगयेचा इतिहास येथे संपतो, असे पुष्कळदा मानले जाते. परंतु येथेच मिळालेला ब्रह्मी लेख ते मानू देत नाही. इ. स. १२९५ ते १२९८ या वर्षांत ब्रह्मदेशाच्या राजाने पाठविलेल्या मंडळाने मंदिराची दुरुस्ती केली, असे त्यात म्हटले आहे. कनिंगहॅम यांनी या लेखातील वर्षे दोन शतके आधीची वाचली होती. ते वाचन पुढे बाजूस पडले. लेखाचे खरे महत्त्व त्याच्या आरंभी आहे. अशोकाने चैत्य बांधला, तो जीर्ण झाल्यावर एका पांसुकूलिक स्थविराने त्याची दुरुस्ती केली, पुन्हा जीर्ण झाल्यावर एका राजाने केली, आणि आता आपण करीत आहोत, अशी परंपरा तो सांगतो. या दात्यांच्या दृष्टीने मंदिर ‘कोणी बांधले’ हा प्रश्न गौण होता. आपण त्या मालिकेतील पुढचे, ही जाणीव मुख्य होती.

४. प्रतिकृतींची साक्ष

मूळ वास्तू वारंवार बदलत असता तिच्या प्रतिकृती परदेशांत उभ्या राहत होत्या. पगान येथे तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात नादौंगम्या राजाच्या कारकीर्दीत बांधलेले महाबोधी मंदिर, सयामच्या उत्तरेस चिअंग माई येथे तिलोकराजाने इ. स. १४५५ मध्ये आरंभिलेले सात शिखरांचे मंदिर, इ. स. १४७२ च्या सुमारास पेगूच्या धम्मचेती राजाने बोधगयेस पाठविलेल्या मंडळानंतर तेथे झालेली बांधकामे, पेकिंग येथे इ. स. १४७३ मध्ये पूर्ण झालेले पाच शिखरांचे मंदिर आणि नेपाळातील पाटण येथील सोळाव्या शतकातील मृण्मय फलकांचे महाबुद्ध मंदिर ही त्यांतील प्रमुख होत. पेकिंगच्या मंदिराविषयी तेथील परंपरा असे सांगते की, पंदित नावाने ओळखल्या गेलेल्या एका भारतीय भिक्षूने योंगले सम्राटास वज्रासनाच्या मंदिराची लहान प्रतिकृती अर्पण केली होती.

यांशिवाय यात्रेकरू बरोबर नेत असत त्या दगडाच्या वा लाकडाच्या लहान प्रतिकृती ब्रह्मदेशात व तिबेटात सापडल्या आहेत. या सर्वांत मध्यवर्ती उंच शिखर आणि कोपऱ्यांवरील लहान शिखरे ही कल्पना समान आहे. प्रमाणे मात्र सारखी नाहीत. पगानचे शिखर मूळाहून लहान आहे, चिअंग माई येथे जोत्याला अधिक महत्त्व आहे, पेकिंगचे जोते भव्य आणि शिखरे खुजी आहेत. प्रतिकृती करणाऱ्यांना प्रत्येक माप जुळविण्याची निकड नव्हती. स्थान ओळखू येईल एवढे साम्य त्यांना पुरे होते. म्हणून यांतील कोणत्याही एका प्रतिकृतीवरून मूळ वास्तूचा तपशील ठरविता येत नाही. परंतु निरनिराळ्या देशांतील, निरनिराळ्या काळांतील प्रतिकृतींत जे समान आढळते, ते मूळ वास्तूत त्या काळी असले पाहिजे, असे अनुमान करता येते. चार कोपऱ्यांवरील शिखरे उत्तर मध्ययुगात मंदिरावर होती, याचा सर्वांत भक्कम पुरावा हाच आहे. ती गुप्तकाळीही होती काय, हा निराळा प्रश्न असून त्याचे उत्तर या पुराव्यातून मिळत नाही.

५. इ. स. १८७७ ते १८८४

सोळाव्या शतकाच्या अखेरीस दशनामी संप्रदायातील घमंडी गिरी यांनी येथे मठ स्थापिला. त्याचे परंपरागत वर्ष इ. स. १५९० मानले जाते. तेव्हापासून मंदिराची भूमी शैव महंतांच्या ताब्यात होती. इ. स. १८११ मध्ये फ्रान्सिस बुकॅनन येथे आले, तेव्हा मंदिर भग्नावस्थेत होते. पूर्वेकडील मंडप कोसळला होता, शिखराचा गिलावा झडला होता आणि आवार मातीच्या थरांखाली गाडले गेले होते. इ. स. १८७६ च्या वादळात जुना बोधिवृक्षही उन्मळून पडला, इ. स. १८८१ मध्ये कनिंगहॅम यांनी त्या जागी नवे रोप लावले.

इ. स. १८७७ मध्ये ब्रह्मदेशाचा राजा मिंडोन याने महंतांच्या व सरकारच्या संमतीने दुरुस्तीसाठी मंडळ पाठविले. त्यांनी उंचवटे सपाट केले, मोडके भाग उतरविले, नव्या भिंती घातल्या. हे काम पाहण्यासाठी बंगाल सरकारने राजेंद्रलाल मित्र यांना पाठविले. पुरातन अवशेषांचा विचार न करता काम चालले आहे, असा त्यांचा अभिप्राय पडला. त्यांचा बोधगयेवरील ग्रंथ इ. स. १८७८ मध्ये निघाला. पुढे सरकारने काम स्वतःकडे घेऊन जे. डी. बेग्लर यांच्यावर सोपविले. कनिंगहॅम यांचे मार्गदर्शन त्यांना होते आणि त्या कामाचा वृत्तांत कनिंगहॅम यांनी इ. स. १८९२ मध्ये ‘महाबोधी’ या ग्रंथात प्रसिद्ध केला.

शिखराचा बराच भाग उभा असल्यामुळे त्याची दुरुस्ती अवशेषांच्या आधारे करता आली. मंडप आणि कोपऱ्यांवरील शिखरे यांच्याविषयी तसा आधार पुरेसा नव्हता. आवारात सापडलेली मंदिराची एक लहान दगडी प्रतिकृती प्रमाण मानून बेग्लर यांनी ती उभारली. म्हणजे ज्या शिखरांमुळे आज मंदिर पंचशिखरी दिसते, ती मूळ वास्तूवरून तयार झालेल्या एका मध्ययुगीन प्रतिकृतीवरून पुन्हा मूळ वास्तूवर आली. गर्भगृहातील पालकालीन भूमिस्पर्श मुद्रेतील मूर्तीही याच वेळी महंतांच्या आवारातून आणून बसविण्यात आली.

या कामाचे मूल्यमापन करताना दोन टोके टाळली पाहिजेत. बेग्लर यांनी हात घातला नसता तर शिखर फार काळ टिकले नसते, हे मान्य करावे लागते. परंतु सर्व दुरुस्त्या सारख्याच म्हणून या दुरुस्तीला आधीच्यांच्या ओळीत बसविणेही बरोबर नाही. कुरंगीच्या कठड्याला ग्रॅनाइटचे स्तंभ जोडणाऱ्यांनी ते वालुकाश्माचे भासविण्याचा प्रयत्न केला नाही. ब्रह्मी मंडळाने आपल्या कामाचा लेख कोरून ठेवला आणि आधीच्यांची नावे सांगितली. आधीचे प्रत्येक काम आपापल्या काळाचे म्हणून ओळखता येते. बेग्लर यांचे काम मात्र आपला काळ पुसून टाकण्यासाठी होते. मंदिर एका विशिष्ट प्राचीन अवस्थेत परत नेणे हा त्याचा हेतू होता. ती अवस्था कोणती, हे ठरविण्यासाठी जी प्रतिकृती निवडली गेली तिचाच काळ अनिश्चित होता. या हेतूपोटी मधल्या शतकांचे थर, विशेषतः ब्रह्मी दुरुस्तीचे भाग, निघून गेले. आज त्यांचा अभ्यास जीर्णोद्धारापूर्वीची छायाचित्रे आणि त्या काळची वर्णने यांवरच करावा लागतो.

याचा व्यावहारिक परिणाम अभ्यासकांनी ध्यानात ठेवला पाहिजे. गुप्तकाळात पंचायतन किंवा पंचशिखरी मंदिराची कल्पना रूढ होती, हे दाखविण्यासाठी बोधगयेच्या कोपऱ्यांवरील शिखरांचा दाखला देणे म्हणजे एकोणिसाव्या शतकाची साक्ष पाचव्या शतकासाठी काढणे होय. वास्तूचा आराखडा, जोत्याची मापे, शिखराचा सरळ उतार आणि कोनाड्यांची रचना यांना ह्युएन त्संगच्या वर्णनाचा आधार आहे. त्यांचा उपयोग निर्धास्तपणे करता येतो. कोपऱ्यांवरील शिखरांसाठी पगानचे मंदिर बोधगयेच्या मंदिराहून अधिक विश्वसनीय आहे, हे विधान विरोधाभासी वाटले तरी खरे आहे.

६. नंतरचा काळ

इ. स. १८९१ मध्ये सिंहलचे अनागारिक धर्मपाल येथे आले आणि त्याच वर्षी त्यांनी महाबोधी सभेची स्थापना केली. मंदिराचा ताबा बौद्धांकडे यावा या मागणीतून न्यायालयीन व सार्वजनिक वादांचा दीर्घ काळ सुरू झाला. त्याची परिणती बिहार विधिमंडळाच्या इ. स. १९४९ च्या बोधगया मंदिर अधिनियमात झाली. त्यानुसार चार बौद्ध व चार हिंदू सदस्य आणि अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी अशी समिती नेमण्यात आली व इ. स. १९५३ मध्ये मंदिर तिच्याकडे सोपविले गेले. या रचनेवरील वाद अद्याप मिटलेला नाही. इ. स. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर महाराष्ट्रातील बौद्ध यात्रेकरूंचीही येथे भर पडत गेली. इ. स. २००२ मध्ये मंदिराचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. इ. स. २०१३ मध्ये थायलंडच्या राजाने व तेथील भाविकांनी अर्पण केलेल्या सोन्याने शिखराचा माथा मढविण्यात आला. ह्युएन त्संगनेही माथ्यावर सोनेच पाहिले होते. परंतु नवे काम त्याची नक्कल म्हणून झालेले नाही. दूरदेशीच्या राजाने महाबोधीस काही अर्पण करावे, या मेघवर्णापासून चालत आलेल्या प्रथेतील ते ताजे दान आहे.

वरील विवेचनाचा निष्कर्ष असा : महाबोधी मंदिराला एक निर्मितिकाळ नाही. आसन मौर्यकालीन, कठडा इ. स. पू. पहिल्या शतकातील व गुप्तकाळात वाढविलेला, शिखराचा गाभा बहुधा पाचव्या-सहाव्या शतकांतील आणि सातव्या शतकापूर्वी निश्चितपणे पूर्ण झालेला, आतील आधाराची काही कामे मध्ययुगीन, कोपऱ्यांवरील शिखरे एकोणिसाव्या शतकातील, अशी त्याची कालपत्रिका मांडावी लागते. ‘मंदिर कधीचे?’ या प्रश्नाऐवजी ‘मंदिराचा कोणता भाग कधीचा, आणि तो कोणी, कशाच्या आधारे केला?’ असा प्रश्न विचारला, तर परस्परविरोधी वाटणारे बहुतेक पुरावे आपापल्या जागी बसतात. जिवंत तीर्थांतील अन्य वास्तूंच्या अभ्यासातही हीच पृच्छा उपयोगी पडेल. कारण जेथे पूजा चालू राहते तेथे दुरुस्तीही चालू राहते, आणि दुरुस्तीचा इतिहास वगळून वास्तूचा इतिहास लिहिता येत नाही.